अळवासारखी पानं, चुक्यासारखी चव: वेकफील्डमधल्या एका रुबार्बच्या गड्ड्याचं प्रकरण

इंग्लंडमधल्या वेकफील्डचं हे घर आम्ही नोव्हेंबर 2018 मध्ये घेतलं. मागच्या परसात गवत, एक म्हातारं सफरचंदाचं झाड आणि उत्तरेकडच्या कोपऱ्यात कुंपणाला लागून जमिनीतून अर्धवट वर आलेला काळपट गड्डा. आजूबाजूला कुजलेल्या पानांचा चिखल. एखाद्या तोडलेल्या झुडपाचा खुंट असेल, उन्हाळ्यात काढू, असं ठरवून मी तो तसाच सोडला. फेब्रुवारी संपता संपता त्यातून बाळाच्या मिटलेल्या मुठीएवढे लालगुलाबी कोंब वर आले. चार आठवड्यांत पानं सुपाएवढी झाली.

हा रुबार्ब, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात ते झाड, हे शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून सांगितलं. त्या ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे वडील तरुणपणी रुबार्बच्या अंधाऱ्या शेडमध्ये कामाला होते, त्यामुळे या विषयावर त्या बोलायला लागल्या की चहा गार होतो. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या तीन गावांमधल्या पट्ट्याला इथे ‘रुबार्ब त्रिकोण’ म्हणतात. आज तो साधारण 23 चौरस किलोमीटरचा उरलाय, पूर्वी याच्या तिपटीहून मोठा होता. 1960 च्या दशकापर्यंत हंगामात इथून लंडनला रुबार्बची खास रेल्वेगाडी सुटायची. 2010 मध्ये इथल्या अंधारात वाढवलेल्या रुबार्बला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, म्हणजे आपल्याकडे हापूसला मिळालं तसं. एवढ्या नावाजलेल्या पिकाचा गड्डा घराबरोबर फुकट मिळाला याचा मला फार आनंद झाला होता. तो गड्डा मी तीन वर्षांत जवळजवळ मारला कसा आणि त्यातलं काय वाचलं, ते तारीखवार लिहून ठेवतेय. परदेशात राहणाऱ्या आपल्या अनेकांच्या परसात असा गड्डा असतो आणि त्याच्याशी आपण आपल्या भाज्यांसारखं वागायला जातो.

जून 2019: अळूवड्या

त्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, “अगं, दारात एवढं अळू, आणि तू दुकानातून पालक आणतेस?” मी घाईत होते. “आई, ते अळू नाही, रुबार्ब आहे,” एवढं बोलून कामावर गेले. त्याची पानं खायची नसतात हे वाक्य मी बोलले नाही. ते मी आजही विसरलेले नाही.

दोन दिवसांनी चार वाजता घरी आले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पानांची थप्पी. शिरा तासून, वरून लाटणं फिरवून पानं सपाट केलेली. बेसनात चिंच-गुळाचा कोळ, तीळ, धनेजिरे पूड. एक उंडा वळून चाळणीत ठेवलेला, खाली पाणी उकळायला लागलेलं. मी आधी गॅस बंद केला आणि मग बोलले.

आईंना ते फार लागलं. “चिंच घातलीय की मी. खाजणार नाही,” असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं, कारण अळवाच्या बाबतीत आपल्या घरोघरच्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या तपासून घेतलंय. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. नीट शिजवलं, आंबट घातलं की तो त्रास जातो. रुबार्बच्या पानात ऑक्झलिक आम्लाचा मोठा भाग पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतो. तो पोटातून रक्तात जातो, तिथल्या कॅल्शियमशी बांधला जातो आणि मूत्रपिंडात साचतो. उकडून तो नाहीसा होत नाही, चिंचेने तर नाहीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाज्यांची टंचाई होती, तेव्हा ही पानं भाजी म्हणून खा असा सल्ला लोकांना दिला गेला होता. त्यातून विषबाधा झाल्या, मृत्यूही झाला. ज्या देशाला हे झाड रोजच्या ओळखीचं होतं तिथे हे घडलं, मग साताऱ्याहून आलेल्या बाईला बोल लावण्यात काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परसात गेलो आणि फरक शोधत बसलो. अळवाचं देठ पानाला काठाच्या जरा आत, पाठीमागून चिकटलेलं असतं. रुबार्बचं देठ थेट काठावर, खाचेत. रुबार्बच्या पानाची कड लाटेसारखी वरखाली होते. सगळ्यात पक्की खूण आईंनीच काढली. त्यांनी तांब्याभर पाणी पानावर ओतलं. पान ओलं झालं, पाणी पसरलं. “अळवावरचं पाणी असं बसत नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मनातली गोष्ट तिथे मिटली.

देठं त्यांनी टाकली नव्हती, देठी करायची म्हणून बाजूला काढून ठेवली होती. खायचा भाग तोच. त्यांनी एक तुकडा मिठाला लावून चाखला आणि लगेच म्हणाल्या, “हा तर चुका!” त्यांच्या जिभेने वनस्पतिशास्त्र बरोबर ओळखलं होतं. आंबटचुका आणि रुबार्ब एकाच कुळातले. देठाच्या बुडाशी कांद्याच्या सालीसारखा जो पातळ पापुद्रा असतो, तो या कुळाची खूण आहे आणि चुक्याच्या जुडीतही तो सापडतो. आपल्या आयुर्वेदातली रेवाचिनीही याच घराण्यातली. हिमालयातल्या रुबार्बचं ते मूळ, पोट साफ करायला देतात. परसातला रुबार्ब तिचा भाऊबंद आहे, पण त्याचं मूळ उगाळून औषध करायला जाऊ नये.

माणसांचं निभावलं. गड्ड्याचं मात्र नुकसान झालं होतं. आईंनी एकूण एक पान कापलं होतं, अगदी मधली कोवळी पुरचुंडीसुद्धा. आणि सगळं विळीने सपासप, बुडाशी दोन-दोन बोटांचे खुंट ठेवून.

2020 आणि 2021: माझ्या चुका

पुढचं पाप माझं. पानं परत फुटली तेव्हा मला वाटलं, मेथी-पालकासारखं हेही कापू तितकं फुटतं. 2020 मध्ये मी ऑगस्टपर्यंत देठ काढले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वेकफील्डचा रुबार्ब महोत्सव होता, तेव्हा एका शेतावरची शेड पाहायला गेले. तो अनुभव मी कधी विसरणार नाही. लांबलचक, बुटकी, काळोखी शेड. आत ऊब आणि ओलावा. खांबांना खोचलेल्या मेणबत्त्या, आणि त्यांच्या उजेडात जमिनीवर शेजारी शेजारी हजारो गड्डे, प्रत्येकावर गुलाबी देठांची गर्दी आणि टोकाला इवलंसं पिवळं पान. सगळे गप्प उभे राहिले की टक्, टक् असा बारीक आवाज ऐकू येतो. कोंबाचं आवरण फुटल्याचा तो आवाज. उजेड लागला तर पानं हिरवी होऊन ताकद तिकडे जाईल, म्हणून तोडणीही मेणबत्तीच्याच उजेडात.

या पद्धतीचा उगम 1817 चा सांगतात. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये रुबार्बच्या गड्ड्यांवर चुकून माती पडली, आणि ती काढली तेव्हा खाली नेहमीपेक्षा कोवळे देठ मिळाले.

मी घरी येऊन काय शिकले? की बादली पालथी घातली की गुलाबी देठ मिळतात. 2021 च्या जानेवारीत मी आमच्या गड्ड्यावर मोठी बादली उपडी घातली, वर वीट ठेवली. मार्चअखेर देठ मिळालेही, हातभर लांब आणि रेशमासारखे. तेवढ्यावर न थांबता एप्रिल-मेमध्ये जे उगवलं तेही काढलं. आदल्या वर्षीच एक फुलाचा दांडा आला होता, जाड, कोबीसारख्या गाठी असलेला. छान दिसतोय म्हणून तो महिनाभर ठेवला होता. तो दिसला की लगेच बुडातून काढायचा असतो, कारण बी धरायला गड्डा आपलं साठवण खर्च करतो.

जून 2021 मध्ये माझ्या वहीत नोंद आहे: “अकरा देठ. पेन्सिलीएवढे. मधे काहीच नाही.” मधे म्हणजे गड्ड्याच्या मधोमध. तिथे बशीएवढी मोकळी, भुसभुशीत जागा झाली होती आणि देठ फक्त कडेने येत होते. पानांचा रंग उतरला होता. मी खत घातलं. फरक पडला नाही.

शेजारच्या आजींना दाखवलं. त्या कुंपणावर ओणवून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “शेडमध्ये बघितलंस ना? ते गड्डे नंतर कुठे जातात, विचारलंस का?” मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं: शेडमध्ये आणण्याआधी तो गड्डा दोन वर्षं उघड्या शेतात असतो आणि त्या दोन वर्षांत त्याचा एकही देठ कोणी काढत नाही. सगळी पानं त्याची त्याला. पान उन्हात जे कमावतं ते खाली मुळात साठतं. मग हिवाळ्याची कडक थंडी खाऊ देतात, साठवलेल्या पिठुळाची साखर होते, आणि मगच उचलून अंधारात नेतात. अंधारात तो जे काही देतो ते जुन्या साठ्यातून. एकदा तोडणी झाली की गड्डा रिकामा. तो कंपोस्टमध्ये जातो.

“त्यांना नवे गड्डे तयार असतात,” आजी म्हणाल्या. “तुझा एकच आहे.”

माझं सगळं गणित तिथे चुकलं होतं. मेथी पेरली की एका हंगामाचा व्यवहार असतो. रुबार्बचा या वर्षीचा देठ गेल्या वर्षीच्या पानाने कमावलेला असतो. 2019 ला सगळी पानं गेली, 2020 ला फूल आणि उशिरापर्यंत तोडणी, 2021 ला बादली आणि वर पुन्हा तोडणी. तीन वर्षं खर्च, जमा काही नाही.

नोव्हेंबर 2021: उकरून पाहिलं

पानं पूर्ण वाळून गड्डा झोपी गेल्यावरच त्याला हात लावायचा. इथे ते नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालतं, जमीन गोठलेली नसेल तर. आम्ही दोघांनी मिळून उकरायला घेतलं आणि अर्धा दिवस गेला. मुळं सुरणासारखी जाड, आत गडद पिवळी, खोलवर गेलेली. सगळा गड्डा वर आला तेव्हा घमेल्यात मावेना.

मधला भाग चॉकलेटी, लिबलिबीत, घाण वास येणारा. बोट घातलं तर आत जात होतं. विळीने ठेवलेले ते खुंट आठवले. देठ कापला की उरलेला तुकडा सडतो आणि सड खाली उतरते. पण सगळा दोष विळीला देणं बरोबर नाही. खड्ड्यात पाणी साठलेलं होतं. त्या कोपऱ्यातली माती चिकण, वरून कुंपणाची सावली, आणि परसाचा उतार तिकडेच. शिवाय गड्डा किती जुना होता देव जाणे. दर पाच-सहा वर्षांनी तो उकरून फोडायचा असतो, नाहीतर मधे म्हातारा होतो आणि कडेने दाटी करतो. ते काम कोणी बरीच वर्षं केलेलं नव्हतं.

सड लागलेला गड्डा सरळ टाकून द्यावा आणि दुसऱ्या जागी नवा आणावा, हाच खरा सल्ला. मी तो अर्धाच मानला. धारदार फावड्याने कडेचे भाग तोडले आणि प्रत्येक तुकडा न्याहाळला: आतला काप पिवळा-घट्ट हवा, मुळाचा मोठा भाग हवा, आणि निदान एक टपोरा डोळा हवा. सात तुकड्यांतले तीन ठेवले.

एक त्याच जागी लावला, खड्ड्यात भरपूर शेणखत घालून. दुसरा परसाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात, वीतभर उंच वरंबा करून. तिसरा 50 सेंटीमीटर रुंद कुंडीत. तिन्हींचे डोळे मातीच्या पातळीशी, जेमतेम वर दिसतील असे. खोल पुरला तर डोळा कुजतो, हे इथल्या ओल्या हिवाळ्यात लक्षात ठेवायलाच हवं. वरंब्यावर खत पसरलं, पण डोळ्यावर येऊ दिलं नाही.

2022: एकही देठ नाही

त्याच जागी लावलेला तुकडा मे महिन्यात दोन पानं काढून बसला, जूनमध्ये ओढलं तर हातात आला. खाली सगळी सड. शेणखताने चिकण मातीतलं पाणी हटत नाही, आणि ज्या मातीत रोग होता तिथे परत तेच लावणं हा हट्ट होता.

कुंडीतल्याचे हाल वेगळे. 19 जुलै 2022 ला शेजारच्या लिंकनशरमध्ये 40.3 अंश तापमान नोंदलं गेलं, ब्रिटनमधलं आजवरचं सर्वाधिक. आमच्याकडेही सहन होईना. विदर्भातला माणूस या आकड्याला हसेल, पण रुबार्बला तिशीच्या पुढे गेलं की जड जातं. कुंडी तापली, दोन दिवसांत पानं कागद झाली. ऑगस्टअखेर यॉर्कशरमध्ये पाइपने पाणी घालायला बंदी आली, तेव्हा डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी त्या कुंडीत ओतत होते. सप्टेंबरात तिथून दोन नवी पानं आली.

वरंब्यावरचा मात्र ठीक होता. पानं लहान, पण हिरवीगार. एप्रिलमध्ये त्याचे चार देठ बोटाएवढे जाड झाले होते. मुलगी म्हणाली, “एकच काढू ना.” नाही काढला. लावल्याच्या पहिल्या वर्षी काहीही घ्यायचं नाही, आणि आमच्या गड्ड्याला तर मागची तीन वर्षंही फेडायची होती.

2023 पासून पुढे: तोडणी

2023 मध्ये मे महिन्यात सहा देठ घेतले आणि थांबले. 2024 पासून नियमाने.

देठ कसा काढायचा ते आजींनी माझा हात धरून शिकवलं. जाड, पूर्ण उलगडलेल्या पानाचा देठ निवडायचा, साधारण वीतभराहून लांब. अंगठा देठाच्या आतल्या बाजूने जितका खाली जाईल तितका सरकवायचा. मग बाहेरच्या बाजूला जरा ओढून पिळायचा. चक् असा आवाज होतो आणि देठ बुडाच्या पांढऱ्या-गुलाबी चपट्या भागासकट निघून येतो. मागे खुंट राहत नाही, जखम स्वच्छ. सुरी-विळी लागते ती नंतर, पान उडवायला. पानं सरळ कंपोस्टमध्ये टाकते. ती विषारी म्हणून तिथे टाकायला लोक घाबरतात, पण कुजताना ते आम्ल मोडून जातं.

एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देठ काढत नाही. मधली कोवळी पानं सोडतेच. आणि 30 जूनला बंद. जुलैत देठ चांगले दिसतात, हात शिवशिवतो, पण तो गड्ड्याचा साठा करायचा काळ आहे. मी शेडच्या दारावर खडूने तारीख लिहून ठेवते, घरातल्या इतरांसाठी.

रंगावर जाऊ नये. आमच्या गड्ड्याची जात कोणती ते मला सांगता येत नाही, पण देठ वर हिरवे आणि बुडाशी लाल असतात. सुरुवातीला मी ते पिकायची वाट बघायचे. रुबार्ब पिकत नाही, हिरवा तो हिरवाच राहतो आणि चवीला तितकाच असतो.

2024 मध्ये वरंब्यावरच्या गड्ड्याने एप्रिल ते जूनमध्ये मिळून पावणेतीन किलो दिलं. कुंडीतल्याने मूठभर. कुंडीतला गड्डा 2024 च्या नोव्हेंबरात जमिनीत हलवला. बादली परत कधी घालायची, असं घरचे विचारतात. दोन्ही गड्डे भरले की एकावर घालेन, त्या वर्षी त्याचं पुढे काहीच काढणार नाही, आणि पुढची निदान दोन वर्षं त्याला अंधार दाखवणार नाही.

पुण्याहून मैत्रिणी बी पाठव म्हणतात. या झाडाला कडक थंडीतली झोप हवी असते, आणि आपला उन्हाळा-पावसाळा त्याच्या गड्ड्याला सोसत नाही. गरम प्रदेशात काही लोक उन्हाळा सरताना बी पेरून एका हिवाळ्यापुरता लावतात, तसं हौसेने करून बघता येईल. पण आंबट हवं असेल तर मंडईत चुक्याची जुडी मिळते, ती घ्यावी.

आमच्याकडे त्याचा मेथांबा होतो. अर्धा किलो देठांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद. तुकडे टाकून झाकण, पाणी अजिबात नाही. पाच मिनिटांत विरघळायला लागतात, तेव्हाच तिखट, मीठ आणि वाटीभर चिरलेला गूळ. कैरीसारखी फोड राहत नाही, लपका होतो, पण चव जमते. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटाने त्याचा धातू पदार्थात उतरतो. आमटीत घालायचा तर डाळ शिजल्यावर, आधी घातला तर डाळ शिजत नाही. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी देठही बेतानेच खावेत, ऑक्झलेट त्यातही असतं.

या वर्षी मे महिन्यात भावोजी भारतात निघाले होते, त्यांच्याबरोबर एक बरणी साताऱ्याला पाठवली. आईंचा व्हिडिओ कॉल आला. मेथांबा आवडला म्हणाल्या, गूळ जरा कमी पडला म्हणाल्या. मग फोन परसात न्यायला लावला आणि दोन्ही गड्डे नीट बघून घेतले. “मधली पानं सोडलीस ना?” त्यांनी विचारलं. सोडली होती. वरंब्यावरच्या गड्ड्यावर त्या दिवशी चौदा पानं होती.